सगळा उतार खाडीकडे

सेक्रेटरीसाहेब, गोल्फ क्लबात कॅडीचा चेंडू हिरवळीवर फिरला तर गवत विटाळतं, हा नियम तुमचा. बॉस्कोने साहेबलोकांच्या काठ्यांची पिशवी उन्हातान्हात वाहायची, चिखलातले चेंडू शोधायचे. पण भोकाजवळच्या गवतावर स्वतः एक चेंडू ढकलायचा नाही. वर शिकवणाऱ्याच्या जागेसाठी चाचणी ठेवलीत, म्हणे कोणीही यावं. सराव कुठे करायचा त्याने, माजिवड्याच्या हायवेवर?

त्याची बायको ॲनी ठाणे स्टेशनजवळच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायची. दुपारी बॅच नसताना तिने प्रोग्रॅम लिहायला घेतला. चेंडूला जोर किती, गवत किती अडवतं, उतार कुठे, एवढं भरलं की काळ्या पडद्यावर एक ठिपका सरकायचा, वळायचा, भोकाशी येऊन थांबायचा. गोल्फ तिने पाहिलेला नव्हता. घर्षण आणि गुरुत्वाकर्षण बारावीला शिकलेली, तेवढं पुरलं.

“हे बघून माझा हात बसणार?” बॉस्को हसला.

“डोळा बसेल. हात अंगणात बसव. चाचणी नव्या हिरवळीवर आहे ना, तिचा उतार सांग.”

“खाडीकडे. आणि कुठे असणार?”

तिनेही तसाच भरला. दोघं मिठागराच्या काठी वाढलेली. पाणी, गुरं, पोरं, सगळं शेवटी खाडीकडेच जाताना पाहिलेलं.

बॉस्को आठवडाभर पडद्यावरचं पाठ करत राहिला, आणि रोज घरी येऊन साहेबांना हसायचा. “एकालाही मारता येत नाही गं. सगळ्यांचे चेंडू हायवेकडे वळतात. आदल्या रात्रीची उतरलेली नसते.”

ॲनी भाकरी थापता थापता थांबली. “प्यायलेला माणूस दोन्ही बाजूंना चुकतो, बॉस्को. हे सगळे एकाच बाजूला कसे रे चुकतात?”

बॉस्को म्हणाला, “भरावाची जमीन आहे ती. बुलडोझरने केलेली. उतार कुठेही काढला असेल.”

दुसऱ्या दुपारी तिने उतार उलटा, हायवेकडे केला आणि नेम थोडा खाडीच्या बाजूला धरला. ठिपका हायवेकडे वळला आणि भोकात गेला.

त्यानंतर बॉस्को पिशवी खांद्यावर घेऊन नुसतं सांगायचा, “साहेब, जरा खाडीकडे धरा.” चेंडू आत जायचा. साहेबलोक आता त्यालाच विचारून मारतात. ते तुम्हीही पाहिलंत, आणि चाचणीचं विचारायला आला तेव्हा त्याला म्हणालात, “बघू.”

म्हणून आज ॲनी स्वतः आलीय, फाटकाशी उभी आहे. ‘बघू’ ऐकून ती परत जाणारी नाही. येत्या रविवारी बॉस्को चाचणीला उतरणार की नाही? हो म्हणा, नाहीतर नाही म्हणा, पण तिच्या तोंडावर म्हणा.