इस्तू हाय काय गो?

"इस्तू हाय काय गो, सोनूकाकी?"

सावर्ड्याजवळच्या त्या वाडीत दिवस उगवायचा तो या हाकेनं. सोनूबाईची चूल कधी विझायची नाही, म्हणून विस्तव न्यायला सगळ्या बाया तिच्या दारात. करवंटीत दोन निखारे पडायचे. बदल्यात कुणाची म्हैस व्याली, कुणाचा मुंबईवाला काय घेऊन आला, हे सगळं सोनूबाईच्या पदरात.

मग ती चूल विझली.

चौऱ्याऐंशीच्या मे महिन्यात मुलगा शिवा मुंबईहून आला आणि परसात गोबर गॅस बांधून गेला. सून विमलाचा जुना खोकला पळाला. मोळीसाठी डोंगर चढणं थांबलं.

"इस्तू हाय काय गो?" शेजारच्या जनीनं करवंटी पुढे केली.

निळी ज्योत करवंटीत कशी घालायची? जनीनं करवंटीच शेगडीवर धरली. करवंटी पेटली, जनी किंचाळली, विमला पोट धरून हसली.

दुसऱ्या दिवसापासून बाया धोंडूबाईच्या चुलीकडे.

अंगण गप्प. सोनूबाईला भाकरी गोड लागेना. शेवटी तिनं गोठ्यामागे गुपचूप तीन दगड मांडले, लाकडं पेटवली. पण धूर कुठला गुपचूप राहतोय? तो थेट माजघरात.

"आत्याबाई," विमला खोकतच बाहेर आली, "ह्यो धूर कसला?"

"गुरांना डास चावतात गो."

"आनि ह्या करवंट्या? त्या डासांना बसायला?"

विमलाला पुन्हा ढास लागली. सोनूबाईनं तांब्याभर पाणी ओतलं. चुर्र.

विस्तव विझला. सोनूबाईची हुरहुर मात्र विझली नाही.

आषाढात गॅस मंदावला. घरची तीन गुरं, त्यांचं शेण पुरेना.

"लाकडं आनू काय परत?" विमलाचा चेहरा एवढासा झाला.

सोनूबाई उठली. डोक्यावर इरलं, हातात रिकामी टोपली, आणि निघाली.

"शेन हाय काय गो, जने?"

जनी उंबऱ्यातच बसली हसत. "काकी, आता तुमी मागायचं?"

"हसतेस काय मेले! टोपलीभर शेन आन, माज्या शेगडीवर तुजा च्या ठेव. ग्यास होऊन उरलेली मळी खत म्हनून शेताला ने. पुढल्या साली शेताच्या भाजावळीला फांद्या तोडायला नकोत, डोंगर जाळायला नको."

"आनि च्यात साखर कुनाची?"

"तुजी!"

आता सकाळी सोनूबाईच्या परसात टोपल्यांची रांग. सगळ्यांत पुढे धोंडूबाई.

जनीनं पातेलं चढवलं. "काल भिकाजीच्या घरी काय झालं, म्हायताय?"

सोनूबाईनं हळूच शेगडीचा कान पिळला. ज्योत बारीक.

"आत्याबाई, ग्यास आता मोप हाय!" विमला म्हणाली.

"असूं दे गो," सोनूबाई तिच्या कानाशी कुजबुजली. "च्याला उकळी आली, की ह्या उठून जातात."