वीस मिनिटं पुढचं घड्याळ

साहेब, तुम्ही खोटं लिहवून घेतलंत, आणि तेही तुम्हाला धड जमलं नाही.

माझी थोरली नणंद नर्स. बेचाळीस वर्षं तिनं या शहरात प्रसूतिगृह चालवलं, म्हणून लहानथोर सगळे तिला मोठ्या बाई म्हणतात; मी ताई म्हणते. तुम्हीही तिच्याच हातावर जन्मलात. रडत नव्हतात, म्हणून तुमच्या आयुष्यातली पहिली चापट तिनंच मारली. दुसरी राहिलीय.

त्या दुपारी कोपऱ्यावरच्या दुकानातली टेलरीण बाळंत झाली. मुलगी सुखरूप, पण आईचं रक्त थांबेना. ताईनं तुमच्या नगरपालिकेच्या कचेरीत रुग्णवाहिकेसाठी फोन केला. मी भिंतीवरचं घड्याळ बघून वहीत लिहिलं : चार पस्तीस. गाडी आली तासाभरानं. आत स्ट्रेचरवर फ्रीजच्या खोक्याचा पुठ्ठा. तुमच्या मेहुण्याचं सामान नव्या घरी पोचवत होती ती. तोवर टेलरीण गेली होती. तिनं घट्ट धरलेला हात ताईला सोडवता येईना.

"वहिनी, हिला मोठेपणी काय सांगायचं गं?" बाळाकडे बघत ताई म्हणाली.

चौकशीला म्हणून तुम्ही आमची वही नेलीत. आठ दिवसांनी तुमच्या ड्रायव्हरची नोंदवही उगवली. फोन चार पस्तीसला, गाडी दारात चार पन्नासला. म्हणजे गाडी वेळेवर, मोठ्या बाईच निष्काळजी. परवाना रद्द, प्रसूतिगृहाला सील.

ताईनं तो कागद दोनदा वाचला आणि ती हसायला लागली. मला वाटलं, हिचं डोकं फिरलं.

"चार पस्तीस कुणाच्या घड्याळात गं, वहिनी?"

मी कपाळावर हात मारून घेतला.

नातेवाईक चहाच्या टपरीवर रेंगाळतात म्हणून ताई ते घड्याळ मुद्दाम वीस मिनिटं पुढे ठेवते. निम्मं शहर कागदावर वीस मिनिटं उशिरा जन्मलंय. तिचा फोन वाजला तेव्हा तुमच्या कचेरीत सव्वाचार झाले होते, साहेब. ड्रायव्हरनं तेव्हाच लिहिलं असतं तर सव्वाचार लिहिलं असतं. त्यानं आमच्या वहीवरून उतरवलं. अहो, नापास होणारं पोरसुद्धा कुणाचं उतरवतोय ते बघून घेतं!

तुम्हीच सील केलेल्या खोलीत ते घड्याळ अजून चालू आहे. खिडकीतून दिसतं. ताई रोज सकाळी तिथं स्टूल टाकून बसते. शाळेतले मास्तर येतात, भाजीवाली येते, बाळाला कडेवर घेऊन टेलरिणीचा नवरा येतो. आपापली घड्याळं काचेला लावून बघतात.

"बरोब्बर वीस, मोठ्या बाई!"

वकील म्हणाले, "परवान्यासाठी अर्ज करू."

"परवाना गेला खड्ड्यात. मला तो माणूस या खिडकीशी उभा हवाय," ताई म्हणाली.

घड्याळाचा सेल संपायची वाट बघत असाल तर बघा. ताईला घाई नाही. तिनं अडलेली बाळंतपणं दोन-दोन दिवस बसून सोडवलीत. पण यावं तुम्हालाच लागेल. या, आणि त्या टेलरिणीच्या नवऱ्याच्या तोंडाकडे बघून सांगा : सव्वाचार ते सव्वापाच गाडी कुठं होती?