शेवटच्या भागातला खुनी

माझ्या कादंबरीतला खुनी कोण, हे मला पहिल्या भागापासून माहीत होतं. वाचकांना माहीत नव्हतं, म्हणून तर ते रोज अ‍ॅपवर येऊन माझ्या नावानं बोटं मोडत होते. 'ताई, पुढचा भाग टाका, नाहीतर आमचा जीव जाईल.' कोणाचा जीव गेल्याचं अजून कानावर आलेलं नाही. सडक अर्जुनीत माझं ब्यूटी पार्लर आहे. गिऱ्हाईक नसलं की मी फोनवर लिहीत बसते, 'सावनी' या नावानं. प्रेम आणि रहस्य, दोन्ही. प्रेम माझ्यावर बेतलेलं होतं. रहस्यही माझंच, फक्त ते मला कधी उलगडलं नव्हतं, म्हणून उत्तर मीच ठरवून टाकलं होतं.

कथा अशी. केशोरीची एक पोरगी, घरच्यांना न पटणारा एक मुलगा. पळून जायचं ठरतं ते गावच्या मंडईच्या दिवशी. दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगाव मंडई भरते, लेकी माहेरी येतात, दुकानं लागतात, नाटक असतं. त्या गडबडीत एक पोरगी कमी झाली तर कोणाच्या लक्षात येत नाही. पोरगी काळीपिवळी जीपमध्ये बसून इथून जवळच्या कोहमाऱ्याला येते, ढाब्याजवळ थांबते. मुलगा येत नाही. इथपर्यंत सगळं खरं, नावं तेवढी बदललेली. मुलीच्या भावानं त्याला वाटेत गाठून मारलं, हे माझ्या पदरचं. खून सोडला तर बाकीवर, म्हणजे भावानंच त्याला वाटेत अडवलं यावर, माझा पक्का विश्वास होता.

माझ्या भावाचं नाव योगराज. कथेतल्या भावाचं यशराज. झाकायचं म्हणून एवढंच झाकलं होतं, तेही मुद्दाम. आमचा बेत ठरल्यावर त्यानंच माझा फोन काढून घेतला होता. त्या दिवशी अंधारून आल्यावर तोच मोटरसायकल घेऊन कोहमाऱ्याला आला, 'बस' म्हणाला आणि घरी घेऊन गेला. वाटेत एक शब्द नाही, घरी एक प्रश्न नाही. ज्याला काही विचारायचंच नाही त्याला सगळं ठाऊक असणार, हे मी गाडीवर त्याच्या मागे बसल्या बसल्याच ठरवलं. पुढे आलेली सगळी स्थळं मोडली, भांडले आणि इथे येऊन खोली घेतली. इतकी वर्षं झाली, मी त्याच्याशी बोललेली नाही आणि मंडईला गेलेली नाही.

मग अर्धं केशोरी ती कथा वाचायला लागलं. आईचा फोन आला.

"भावाले खुनी करून राहिली का तू?"

"कथा आहे आई ती."

"मले नको शिकवू कथा. पानठेल्यावर पोट्टे त्याले यशराजभाऊ म्हणून हाका मारतेत. त्याची पोरगी शाळेतून रडत आली."

"तो काय म्हणते?"

"काई नाही म्हणत. सगळ्यात आधी तोच वाचते."

वाचू दे, म्हटलं मी. मुद्दाम मोठ्यानं म्हटलं. पण त्या दिवसापासून मला एका जागी बसवेना. शेवटचा भाग लिहून तयार होता. त्यात यशराज सगळ्या गावासमोर पकडला जातो. फक्त बटण दाबायचं होतं. मी फोन हातात घ्यायची, ठेवायची, आरसे पुसायची, पुसलेले आरसे पुन्हा पुसायची.

शनिवारी दुपारी रीना भुवया करायला आली. ही माझी जुनी गिऱ्हाईक, सावनीची भक्त. सावनी म्हणजे मीच, हे तिला माहीत नाही. एक भुवई झाली होती, एवढ्यात बाहेरून आवाज आला, "डिंपल आहे का?"

दोरा माझ्या दातातच तुटला. मी पडदा सारून बाहेर आले. देवेंद्र होता. पोट सुटलेला, केस विरळ झालेला, हातात हेल्मेट. कादंबरीत मी त्याला मारून मोकळी झाले होते आणि हा धडधाकट समोर उभा.

"बायको मोठ्यानं वाचते," तो म्हणाला. "हिरो समोशाचे कोपरे आधी तोडून खातो, हे ऐकलं आन घास गळ्यातच अडकला. मग कोहमाऱ्याले विचारत विचारत आलो."

"आता आलास?" माझा आवाज चढला. "तेव्हा कुठं मेला होतास?"

"मी त आलतो!" तोही चिडला. "नागऱ्याहून दोस्ताची गाडी घेऊन आलतो. मंडईच्या दिवशी, दुपारपासून रातच्याला ढाबेवाल्यानं उठवलं तोवर. तूच नाही आली. फोन लावला त बंद."

"मंडईच्या दिवशी मी तिथेच होते."

"कोणत्या? मंडई त बुधवारची होती."

मंडई बुधवारी ठरली होती. मग सोमवारी चैतरामबाबा गेले. गावातलं सगळ्यात मोठं माणूस. गावात सुतक असताना मंडई कशी भरणार? पंचांनी ती पुढच्या आठवड्यात सरकवली. आमच्या बाजूला पानठेल्यापानठेल्यावर नाटकाच्या पोस्टरवर नवी तारीख चिकटवली होती. मला वाटलं, सगळ्यांना कळलं म्हणजे त्यालाही कळलं. नागरा जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, तिथे केशोरीच्या पोस्टरवर चिठ्ठी चिकटवायला कोण जाणार, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. आम्हाला मंडई सरकली की आभाळ सरकल्यासारखं वाटतं, साऱ्या जगाला दिसत असेल असं.

"सरकली होती," मी म्हणाले.

तो पायरीवर बसला. बराच वेळ हेल्मेटचा पट्टा लावत राहिला, काढत राहिला.

"आन माझ्या भावानं तुले काही केलं नाही?" मी विचारलं.

"तुझ्या भावाले मी आजवर पाहिला बी नाही, यार." मग हळूच म्हणाला, "बायकोले मी काही सांगितलं नाही. हिरोले जिवंत कर मात्र. तिले लय आवडते तो."

तो गेला. मला त्याच्यामागे धावावंसं वाटलं नाही, याचंच जास्त वाईट वाटलं. इतकी वर्षं ज्याच्यासाठी जळले तो माणूस चांगला होता, साधा होता आणि आता दुसऱ्या कोणाचा तरी नवरा होता. राग काढायला कोणीच उरलं नव्हतं. चैतरामबाबांवर काढायचा?

आत रीना कानात इअरफोन घालून एका भुवईनं वाट बघत होती. दुसरी माझ्याकडून जरा बारीकच झाली. आरशात बघता बघता ती म्हणाली, "ताई, तुमी सावनीची कथा वाचता ना? उद्या शेवटचा भाग. भावानंच मारलं असणार, बगा."

"नाही मारलं."

"तुमाले काय माहीत?"

ती गेल्यावर मी शेवटचा भाग उघडला आणि सगळा पुसून टाकला. खुनीच नसलेली रहस्यकथा, वाचक मला फाडून खातील. खाऊ देत. पण तेवढ्यानं भागेना. उठले, बसले, शटर अर्धं ओढलं. मग ज्या नंबरला इतकी वर्षं हात लावला नव्हता तो लावला.

"हॅलो," योगराज म्हणाला. मग काहीच नाही. तोच तो, न बोलणारा.

माफीचं वाक्य तयार केलं होतं, ते राहिलंच. मी भलतंच बोलले, "दादा, मंडई कधी आहे?"

पलीकडे धानाच्या मळणीचा आवाज येत होता. तो यंत्रापासून लांब गेला असावा, कारण आवाज कमी झाला.

"गुरुवारी म्हणतेत," तो म्हणाला. "येतेस का? ये. पक्की नाही अजून. सरकली त मी तुले फोन करतो."

मी भिंतीला टेकून खालीच बसले.

"डिंपल?" तो म्हणाला. आणि मग, त्या गाडीवर जे विचारलं नव्हतं ते त्यानं विचारलं, "काऊन रडून राहिली, बाई?"