दुःखाचं वजन पाचशे ग्रॅम

"एकसष्ट किलो सातशे!" दारातल्या सेवकाने आरोळी ठोकली आणि खुर्च्यांच्या रांगांतून माना वळल्या.

काट्यावरून एक थकलेला गृहस्थ उतरला. सेवकाने तोच वजनकाटा मखमली रुमालावर घेतला आणि सगळ्यांना दिसेल असा मिरवत व्यासपीठावर नेला. काटा एकच, म्हणजे शंकेला जागा नको! तिथे, दुःख हलकं करतात म्हणून ज्यांना 'हलके गुरुजी' म्हणत, त्यांनी त्या गृहस्थाच्या कपाळाला अंगठा लावला, डोळे मिटले, हुंकार दिला.

"एकसष्ट दोनशे!"

"पाचशे ग्रॅम दुःख वजा!" गुरुजी गरजले. "देह तोच, भार गेला! आणि ऐका लेकरांनो, शंका एक ग्रॅम, तर कृपा एक किलो कमी!"

सभागृहात हुंदके, टाळ्या. तिसऱ्या रांगेतली एक बाई सगळ्यांत जोरात टाळ्या वाजवत होती. ती पेशाने रक्त तपासणारी. तिच्या प्रयोगशाळेत सगळे तिला लॅबताई म्हणत. दहा वर्षं सुईच्या टोकाएवढ्या चुका पकडणारी ही बाई डोळे पुसत टाळ्या वाजवत होती. देवाने अक्कल वाटताना ती रांगेत होती, पण बहुधा पावती घरी विसरली होती.

तिची गोष्ट अशी. लेक सहा वर्षांची झाली, तरी बाळंतपणापासूनचं हिच्या मनावरचं मळभ हटत नव्हतं. अंथरुणातून उठणं म्हणजे डोंगर चढणं. एक औषध झालं, मात्रा वाढवून झाली, दुसरं झालं. ढिम्म फरक नाही. तेव्हा डॉक्टरबाई म्हणाल्या, "दोन औषधं पुरेशा मात्रेत, पुरेसे दिवस घेऊनही उतार नाही. असं होतं, त्यात तुमचा दोष नाही. आता आहे त्याला आणखी एक गोळी जोडू. सोबत फोनवरचा स्वमदतीचा अभ्यासक्रम करा. रोज पंधरा मिनिटं. पण तो गोळीच्या जागी नाही हं, गोळीच्या शेजारी."

फोनवरच्या त्या अभ्यासक्रमाची तिने यथेच्छ टिंगल केली. रोज शून्य ते दहामध्ये मनाचा आकडा भरायचा. एखादा काळा विचार पकडायचा आणि त्याला पुरावा मागायचा. मग एक छोटं काम. पहिल्या आठवड्याचं काम होतं, खिडकी उघडणं. उघडली, तर फोन म्हणाला, "शाबास!"

"बघा," ती नवऱ्याला म्हणाली, "एवढं शिकले, आणि खिडकी उघडल्याबद्दल बक्षीस!"

"महिन्याभराने उघडलीस ना," तो हळूच म्हणाला. "मी पण देतो शाबासकी."

एका धड्यात घरच्या कुणाला तरी नोंद ठेवायला सांगायचं होतं. लेकीने ते काम अंगावर घेतलं. आई गुणगुणली किंवा हसली की भिंतीवरच्या कॅलेंडरवर पिवळा गोल. चार आठवडे कॅलेंडर कोरं. पाचव्या आठवड्यात पोळपाटाशी तिने नकळत एक सूर धरला, आणि लेक पिवळा खडू घेऊन धावली.

सातव्या आठवड्यात शेजारणीने गुरुजींकडे ओढून नेलं. कपाळाला अंगठा लागला, पाचशे ग्रॅम गेले, आणि तिला खरंच हलकं वाटलं. पुढच्या गुरुवारी ती व्यासपीठावर बोललीसुद्धा. आज तिसरा गुरुवार. आज "समर्पण" होतं. गोळ्यांचं पाकीट पितळी घंगाळात टाकायचं आणि मोकळं व्हायचं.

शाळेला सुट्टी, म्हणून लेक सोबत होती. तिला नुकतंच आकडे वाचता येऊ लागले होते, त्यामुळे ती जगातला एकही आकडा सोडत नव्हती. आल्याआल्या दारातल्या काट्यावर उभी राहिली. "अठरा नऊशे!" सेवक हसला होता.

लॅबताईच्या शेजारी एक शिवणकाम करणारी बाई बसली होती. कालची टाचणी अजून तिच्या पदराला होती.

"ताई, तुमचं भाषण ऐकलं मागच्या वेळी," ती म्हणाली. "मला दोनदा परत पाठवलं हो यांनी. गोळ्या किती दिवस झाल्या विचारतात. पंधरा म्हटलं, तर म्हणे तुमची वेळ यायचीय, महिना भरला की या. आज भरला. तुम्ही टाकल्यात की मीही टाकते. मागे एकदा मनानेच बंद केल्या होत्या, तेव्हा फार वाईट झालं होतं. पण तेव्हा गुरुजी नव्हते ना."

लॅबताईने मान डोलावली. कुठेतरी काहीतरी टोचलं. तिने ते त्या बाईच्या पदराच्या टाचणीवर ढकललं.

मध्यंतर झालं. गुरुजी पडद्यामागे दूध प्यायला गेले. काटा व्यासपीठावरच्या जाड गालिच्यावर होता, आणि काट्यावर लेक!

"आई! अठरा चारशे! माझं पण दुःख गेलं!" मग कपाळाला आठ्या घालून, "पण माझ्याकडे होतं कधी?"

अंगठा नाही, हुंकार नाही. गुरुजी दुधात. आणि पाचशे ग्रॅम गायब.

लॅबताईला आपली प्रयोगशाळा आठवली. रोज सकाळी, पेशंटच्या रक्ताआधी ती यंत्रात एक नमुना घाले, ज्याचं उत्तर आधीच ठाऊक असतं. त्याला कंट्रोल म्हणतात. ते बरोबर आलं तरच यंत्रावर विश्वास. नवीन मुलींना ती दरडावून सांगे, "कंट्रोल लावल्याशिवाय रिपोर्ट नाही!" आणि प्रयोगशाळेतला तराजू कडप्प्याच्या दगडी ओट्यावरून हलवणाऱ्या शिपायाला तर तिने पार रडवलं होतं. स्वतःच्या कपाळाचा रिपोर्ट मात्र तिने कंट्रोलशिवाय सही करून दिला होता.

कोपऱ्यात पिण्याच्या पाण्याचा कॅन होता. तिने तो उचलला, काटा खाली फरशीवर आणला, वर कॅन ठेवला.

"वीस चारशे!" लेक ओरडली. मग दोघींनी काटा गालिच्यावर नेला. "एकोणीस नऊशे!"

पडदा बाजूला झाला. गुरुजींच्या मिशीला साय.

"हे काय चाललंय?"

"गुरुजी," लॅबताई म्हणाली, "या कॅनला कसलं दुःख होतं हो?"

मागे कुणीतरी खुदकन हसलं.

"पाण्यालाही दुःख असतं, बाई! माझ्या सान्निध्याने गेलं!"

"बरं." तिने कॅन पुन्हा फरशीवर मोजला.

"वीस चारशे!" लेक म्हणाली. "परत आलं!"

आता सगळी रांग हसली. लॅबताईने काटा उलटा करून दाखवला. "हे चार पाय बघा. वजन पायांतून मोजलं जातं. कडक फरशीवर सगळा भार पायांवर येतो. जाड गालिच्यात पाय रुततात, मधली पाटी टेकते, आणि थोडा भार न मोजताच गालिच्यात जातो. म्हणजे आपले गुरू हे नाहीत, गालिचा आहे. पाया त्याच्या पडा."

पण गुरुजी मुरलेले होते. आवाज मऊ करून म्हणाले, "काटा राहू दे, लेकी. तू बरी झालीस की नाही, एवढंच सांग. याच लोकांसमोर तू रडत म्हणालीस ना?"

हे खरं होतं, ती बरी होत होती.

"पिवळा गोल आधीच आला होता," लेक म्हणाली. "आई इथे यायला लागलीच नव्हती तेव्हा."

लॅबताईने फोन काढला. मनाच्या आकड्यांची रेघ: दोन, दोन, दोन, दोन, पाचव्या आठवड्यात तीन, मग चार, सातव्यात पाच, आठव्यात सहा. गुरुजींच्या गुरुवारांकडे रेघेने ढुंकूनही पाहिलं नव्हतं. आणि मघाची टाचणी आता नेमकी टोचली. महिना भरला की या!

"गोळ्यांना काम दाखवायला काही आठवडे लागतात," ती सावकाश म्हणाली. "तेवढे दिवस हे आपल्याला परत पाठवतात. फरक पडायची वेळ आली की अंगठा लावतात. पीक दुसऱ्याचं, कापणी यांची. ज्यांना फरक नाही, त्यांना इथे वर कोण बोलावतं? आणि गोळ्या टाकल्यावर पुन्हा पडलो, तर म्हणतील श्रद्धा कमी पडली."

गुरुजींनी काटा रुमालात गुंडाळायला घेतला.

शिवणवालीची मूठ पाकिटावर घट्ट होती. "मग मी काय करू, ताई?"

"मी मागच्या गुरुवारी जे बोलले, ते विसरा. ती चूक होती. गोळी कमी करायची का, कधी, हे तुमच्या डॉक्टरांना विचारा. हवं तर मी येते सोबत."

डॉक्टरबाईंना तिने सगळं सांगितलं, तेव्हा त्या हसल्या नाहीत. "आजारात माणूस काडीचाही आधार घेतो. गोळी आणि अभ्यास यांतलं कशाने किती झालं, हे मलाही छातीठोक सांगता येणार नाही. प्रत्येकाला याच जोडीने गुण येईल असंही नाही. पण आपण मोजत राहू. नाही जमलं तर बदलू."

तिला तेच सगळ्यांत आवडलं. गुरुजींना सगळं ठाऊक होतं. डॉक्टरबाईंना काय ठाऊक नाही, तेही ठाऊक होतं.

तेव्हा बाबांनो, मनाचा आजार हा आजारच आहे. त्यासाठी अंगठा पुढे करणारा कुणी भेटला, तर आधी पाण्याचा कॅन मागा. खऱ्या उपचाराला प्रश्नांची भीती नसते.

डॉक्टरबाईंकडून आल्यावर त्या संध्याकाळी फोनने विचारलं, आज कोणता विचार पकडलात? तिने लिहिलं, "मी महामूर्ख आहे." पुढचा प्रश्न नेहमीचाच होता: पुरावा?

पुरावा भरपूर होता. ती इतकी हसली, की लेक खडू घेऊन धावत आली.