हत्तीच्या फांदीवर

दादा सोमवारी गेला आणि गुरुवारी ती प्रयोगशाळेत हजर झाली. घरी बसून करायचं तरी काय? वहिनीनेही अडवलं नाही.

संगणकावर तिसऱ्या फेरीचा निकाल येऊन पडला होता. सस्तन प्राण्यांची आपसातली नाती जनुकांवरून ताडून पाहायची, हे तिचं सहा वर्षांचं काम. या वेळी संग्रहालयातल्या एका जुन्या कातड्याचे मसुरीएवढे तुकडे तिने तपासले होते. प्राणी लांब नाकाचा, दिसायला थेट चिचुंद्री. संग्रहालयाचे म्हातारे प्रमुख, तिचे सर, यांनी तो चाळीस वर्षांपूर्वी स्वतः पकडून चिचुंद्र्यांच्या कपाटात ठेवला होता. पडद्यावरच्या वंशवृक्षात मात्र चिचुंद्र्या एका टोकाला होत्या आणि हा पार दुसऱ्या टोकाला, हत्तीच्या फांदीवर.

असं काही हाती लागलं तर आपण नाचू, असं तिला नेहमी वाटायचं. ती चहा प्यायली. गरम होता की गार, कुणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं.

दुपारी ती सरांच्या खोलीत गेली.

“हाताळताना दुसरं काही मिसळलं नसेल ना?” सरांनी विचारलं.

“तीनदा केलं, सर. दर वेळी नवा तुकडा घेऊन.”

सर खुर्चीत मागे रेलले. मग एकदम हसले. “जन्मभर पोरांना नाक बघून नातं ओळखायला शिकवलं. चांगलंच नाक कापलं की गं याने माझं!”

तिला हसू आलं नाही. सरांनी चष्मा काढला. “भाऊ कसा आहे तुझा? दवाखान्यात होता ना?”

“गेला. सोमवारी.”

“अगं, मग इथे काय करतेस?”

“माहीत नाही, सर.”

ते उठले. कपाटातून त्या प्राण्याचा ट्रे काढून त्यांनी तिच्या हातात दिला आणि तिच्यासोबत वरच्या मजल्यावर, हत्तीच्या सांगाड्याच्या दालनात आले. जिन्यात दोनदा थांबावं लागलं, त्यांना धाप लागत होती. ट्रे हत्तीशेजारी ठेवायला लावून त्याची नवी चिठ्ठी त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिली.

संध्याकाळी वहिनी दादाचे कपडे आवरत बसली होती. तिने वहिनीला निकाल सांगितला.

“एवढुसा जीव, आणि हत्तीचा नातलग?”

“लांबचा. पण आहे.”

“थांब, ह्यांना सांगते,” वहिनी सवयीने म्हणाली, आणि तिच्या हातातली घडी अर्धीच राहिली.

थोड्या वेळाने वहिनीने शर्टांचा ढीग तिच्याकडे सरकवला. ती घड्या घालू लागली.