उसनं आडनाव

“कुलूप तुमचं, किल्ली तुमची, कपाट तुमचं, आणि पुरावा मी आणायचा? माणूस तुम्ही लपवून ठेवलाय, साहेब. आणि चोरासारखं उभं मला केलंय!”

सरकारी कचेरीच्या चौथ्या मजल्यावर, जुन्या कागदपत्रांच्या खोलीत एवढ्या चढ्या आवाजात कुणी बोलत नसे. तिथे माणसं मुळात खांदे पाडूनच यायची. त्यात आवाज चढवला कुणी, तर लिफ्टवालीने. खिडकीपलीकडच्या कारकुनाने चष्मा कपाळावर सरकवला.

“बाई, ओरडू नका. नियम साधा आहे. ज्याचे कागद बघायचे, त्याचे तुम्ही वारस आहात असा दाखला आणा.”

“तो कुठे मिळतो?”

“इथेच. कागद बघून आम्ही देतो.”

“मग दाखवा की कागद!”

“दाखल्याशिवाय कसे दाखवणार?”

रांगेत कुणीतरी फस्सकन हसलं. कारकून हसला नाही. आपण विनोद केला हे त्याच्या गावीही नव्हतं. तसा माणूस वाईट नव्हता. लिफ्टमध्ये भेटला की तिच्या वडिलांची तब्येत आवर्जून विचारायचा. पण खुर्चीत बसला की माणसाचा नियम होतो, आणि नियमाला कान नसतात.

ती खाली आली. लिफ्टपाशी सात-आठ जण ताटकळत होते. तिने जाळीचं दार ओढलं आणि लिफ्ट वर नेली. हिसका नाही, धक्का नाही. रागाने कान तापले होते तरी हात तापला नव्हता. ती लिफ्ट तिच्या वयाची असेल, कुरकुरी आणि हट्टी. पण तिच्या हाताखाली ती प्रत्येक मजल्याला अशी टेकायची की म्हाताऱ्यांची काठीही अडखळत नसे. अर्धं आयुष्य तिने हेच केलं. इतरांना वर पोचवायचं आणि आपण पुन्हा खाली यायचं. छातीवरच्या बिल्ल्यावर तिचं नाव आणि आडनाव होतं, पण लिफ्टमध्ये माणसं मजल्यांचे आकडे बघतात. बिल्ला वाचतो कोण?

आणि सगळं घोडं त्या आडनावापाशीच अडलं होतं.

हे आडनाव आपलं नाही, एवढं घरात सगळ्यांना ठाऊक होतं. पणजोबांनी ते बदललं. का, ते कुणी सांगत नसे. लहानपणी विचारलं तर आजी पाठीत धपाटा घालायची. दोनच गोष्टी पिढ्यान्पिढ्या चालत आल्या होत्या. एक, पणजोबा लंगडत. कुठल्याशा भिंतीवरून उडी मारून पळाले, तेव्हा पाय मोडला म्हणे. दुसरी, घरातलं कुणी नदीवरच्या मोठ्या पुलावरून जात नसे. तिचे वडील घरांना रंग लावायचं काम करायचे. नदीपलीकडे काम मिळालं तर शिडी खांद्यावर घेऊन लांबच्या बंधाऱ्यावरून वळसा घालत जायचे. “पूल काय खातोय का तुम्हाला?” असं कुणी विचारलं तर म्हणायचे, “चालायला बरं असतं.”

आजोबा शिकले ती शाळा बंद पडली तेव्हा तिथली जुनी दप्तरं बाहेर काढली होती. लिफ्टवाली रजा टाकून गेली आणि तिला आजोबांची नोंद सापडली. एक आडनाव लाल शाईने खोडलेलं, त्यावर आताचं लिहिलेलं. ते खोडलेलं आडनाव घेऊन ती शोधायला निघाली आणि पोचली थेट त्याच पुलाशी. पूल बांधताना परांची कोसळली होती. अकरा माणसं गेली. सरकारने छापलेल्या पुस्तिकेत चौकशीचा निकाल होता: परांची बांधणाऱ्या मुकादमाने दोर सैल बांधले, आणि समन्स काढूनही हजर न होता तो फरार झाला. खाली मुकादमाचं नाव. पणजोबांचं नाव, खोडलेल्या आडनावासकट.

त्या संध्याकाळी धाकटा भाऊ म्हणाला, “ताई, लिफ्ट वर नेतेस तशी खानदान वर न्यायला निघालीस ना? नेलंस बघ बरोबर. फरारांच्या मजल्यावर!”

“तू गप रे,” वडील अंथरुणातून म्हणाले. गेल्या वर्षापासून ते उठत नव्हते. मग छताकडे बघू लागले. रंगकाम करणारा माणूस, छताकडे बघायची सवय. म्हणाले, “पोरी, माझ्या आज्याने अकरा माणसं मारली?”



आता पुलाला शंभर वर्षं पुरी होत होती. कचेरीतल्या मोठ्या साहेबांच्या समितीने ठरवलं, पुलाच्या तोंडाशी काळा दगड बसवायचा आणि त्यावर पुलाचा इतिहास कोरायचा. चौकशीचा निकाल, मुकादमाचं नाव, ‘फरार’ हा शब्द, सगळं त्यात होतं. कागदावरचं कुणी वाचत नाही, पण दगडावरचं येणारा-जाणारा वाचतो. वडील म्हणाले, “मी आहे तोवर तरी तो शब्द दगडात जायला नको. खरा असेल तर जाऊ दे. पण खरा आहे का, ते आधी बघ.”

तिने बघितलं. तुरुंगाच्या नोंदी बघितल्या. पोलिसांच्या जुन्या याद्या बघितल्या. दुसऱ्या गावांच्या कचेऱ्यांना पत्रं लिहिली. पणजोबा कुठेच नव्हते. आणि राहिली ती चौथ्या मजल्यावरची चौकशीची फाइल, जिच्या दाराशी तो वारसाचा दाखला आडवा पडला होता.

भांडणानंतर दोन-चार दिवसांनी लिफ्टमध्ये एक गवंडी शिरला. कुबड्या, मांडीपर्यंत प्लास्टर, सोबत बायको. तिने सगळ्यांना बाजूला सारून त्याला जागा करून दिली.

“कसं झालं हो?”

“परांचीवरून खाली आलो. शिडीला न विचारता,” गवंडी म्हणाला.

“आणि वर मुकादम म्हणतो, काम सोडून पळाला!” बायको फणकारली. “खाडा लावलाय. आता सांगा, वरून पडलेला माणूस पळतो कुठे? त्याला उचलून नेतात!”

लिफ्ट तिसऱ्या मजल्याला लागली. गवंडी उतरला. मागच्या माणसाने “बाई, चला की,” म्हटलं, तरी तिचा हात दांड्यावर तसाच. पणजोबा लंगडत. भिंतीवरून उडी. कसली भिंत? कुणी बघितली होती भिंत? सरकारने पळाला म्हटलं, म्हणून घरच्यांनी पळणाऱ्याला शोभेलशी भिंत उभी केली. आणि तीही शहाणी, गुन्हेगार शोधायला निघाल्यासारखी तुरुंग धुंडाळत बसली. आपल्याच माणसाला आपणही आधी गुन्हेगार ठरवलं!

आरोग्य खातं तिसऱ्याच मजल्यावर होतं. जुना सरकारी दवाखाना केव्हाच पाडला होता, पण त्याच्या वह्या तळघरात पडून होत्या. त्या बघायला दाखला लागतो का, असं तिने तिथल्या कारकूनबाईंना विचारलं. बाई म्हणाल्या, “अगं, त्या वह्या आजवर कुणी मागितल्याच नाहीत. मग नियम कोण करणार? चल, मी येते. मलाही इथे बसून गंज चढलाय.”

जेवणाच्या सुट्टीत दोघी तळघरात उतरल्या. नाकाला रुमाल बांधून वह्या झटकल्या. परांची पडली त्या दिवसाचं पान बाईंनीच काढलं. अकरा नावांपुढे एकच शेरा होता: आणण्यापूर्वीच मृत. बारावं नाव पणजोबांचं. जुनं आडनाव, धंदा मुकादम. परांचीवरून पडला, दोन्ही मांड्या मोडल्या.

“म्हणजे हा वरच होता,” बाई हळूच म्हणाल्या. “आपण बांधलेल्या परांचीवर आपणच उभा.”

 लिफ्टवाली पुढची पानं उलटत होती. महिन्यामागून महिना, तेच नाव, तीच खाट. त्याच महिन्यांत चौकशी बसली, समन्स निघालं, निकाल लागला. हा माणूस खाटेवर. ज्या सरकारला तो सापडत नव्हता, त्याच सरकारच्या दवाखान्यात, त्याच सरकारचं औषध घेत. सातव्या महिन्यात घरी सोडल्याची नोंद होती. शेवटच्या रकान्यात, कोणी नेले: वॉर्डातला झाडूवाला. पुढे त्याचं नाव. त्यापुढे त्याचं आडनाव.

बाईंनी ते वाचलं, मग लिफ्टवालीच्या छातीवरचा बिल्ला वाचला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच.

“अगं, हे तर…”

“हो,” ती म्हणाली, आणि वहीवर पाणी पडू नये म्हणून मागे सरली.

त्या दोघांत काय बोलणं झालं, ते कुठल्याच वहीत नाही. कामावरून काढलेला, घराबाहेर घातलेला, दोन्ही पायांनी अधू झालेला माणूस. गावात त्याचं आडनाव उच्चारलं की लोक थुंकत होते. आणि ज्याच्याकडे स्वतःचं म्हणावं असं आडनावापलीकडे काही नसेल, त्या झाडूवाल्याने ते आडनाव काढून त्याला दिलं. शाळेत त्याच्या पोरालाही दिलं. पुतळे कुणाचे उभारायचे, ते या गावाला कधी कळलंच नाही.

घरी तिने सगळं सांगितलं. वडिलांनी दोनदा सांगायला लावलं.

“म्हणजे चोरलेलं नव्हे,” ते म्हणाले.

“नाही बाबा. दिलेलं.”

“त्याच्या घरचं कुणी आहे का बघ. आपण त्यांचं नाव वापरतोय. एकदा जाऊन सांगायला तरी हवं.” मग तोंड भिंतीकडे वळवून म्हणाले, “आणि तो दगड…”

भाऊ कोपऱ्यात बसला होता.  तो उठला आणि कागद-पेन घेऊन आला. “अर्ज मी लिहितो. तुझं अक्षर मेलं लिफ्टसारखं खाली-वर होतं.”

अर्ज गेला, वहीच्या पानाची नक्कल जोडून. उत्तर आलं: नोंद घेतली आहे. दुसरा गेला. उत्तर आलं: मजकूर अधिकृत चौकशीनुसार आहे. तिसऱ्याला उत्तरच आलं नाही, आणि पुलाच्या तोंडाशी दगड येऊन पडला. कोरणारा दुसऱ्या दिवशी हात घालणार होता.

त्या सकाळी मोठे साहेब लिफ्टमध्ये शिरले. एकटेच. तिने दार ओढलं.

दोन मजल्यांच्या मध्ये लिफ्ट अडकवणं तिच्या हातचा मळ होता. साहेबांना घाम फुटेपर्यंत लोंबकळत ठेवता आलं असतं. तिने तसलं काही केलं नाही. नेहमीसारखी अलगद वर नेली, मजल्याच्या फरशीशी बरोबर मिळवली. फक्त कडीवरचा हात काढला नाही.

“उघडा,” साहेब म्हणाले.

“उघडते. एक विचारायचंय.”

“अर्ज द्या.”

“तीन दिलेत. दोर सैल होते का घट्ट, ते मला ठाऊक नाही साहेब, आणि तुम्हालाही नाही. त्याला कुणी विचारलंच नाही. मी तेही विचारत नाही. चौकशी तुमची, ती म्हणते पळाला. दवाखाना तुमचा, तो म्हणतो इथेच आहे. दोन्हीकडे शिक्का तुमचाच.”

साहेबांनी घड्याळ बघितलं. जाळीपलीकडे माणसं जमत होती. कागदपत्रांच्या खोलीतला कारकून होता, आरोग्य खात्यातल्या बाई होत्या. कुणी पुढे झालं नाही, कुणी हललंही नाही.

“उद्या दगडाला छिन्नी लागणार आहे, म्हणून आज विचारते,” ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. “माझा पणजोबा फरार होता, तर तुमच्या खाटेवर सात महिने कोण कण्हत होतं? सांगा ना, साहेब. कोण?”