नापास ठरलेल्या फोनचा जबाब

मंगळवारी सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी मला चाचणीच्या टेबलावरून उचलून तुटक्या चार्जरांच्या खोक्यात टाकण्यात आले. त्या वेळी माझी बॅटरी अठ्ठ्याहत्तर टक्के होती. मी बंद पडलो नव्हतो, तापलोही नव्हतो. माझा दोष एवढाच, की एक नवे अ‍ॅप माझ्यावर नीट चालले नाही आणि ते मी लपवले नाही.

मित्रांनो, मी सात वर्षांचा, काच तडकलेला मोबाईल आहे. बुऱ्हाणपूरच्या सिंधीपुऱ्यात एका शिलाईच्या दुकानावरच्या खोलीत तृप्ती आणि निरंजन मोबाईलची अ‍ॅप बनवतात. तिथे मी कामाला आहे. ‘होतो’ असे मी म्हणणार नाही.

माझे पहिले मालक अरविंद सर, तृप्तीचे वडील. ते शाळेत गणित शिकवतात. शाळा बंद होत्या त्या दोन वर्षांत सर मला पोह्यांच्या डब्याला टेकवून उभा करत आणि माझ्यातून चाळीस मुलांना अपूर्णांक शिकवत. मी गरम होत असे, पण वर्ग मध्येच सोडला नाही. सर घरी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत, “हा फोन दमत नाही.” पुढे तापीवरच्या राजघाटाच्या पायरीवर मी त्यांच्या हातून पडलो. डाव्या कोपऱ्यापासून मध्यापर्यंत तडा गेला. सरांनी नवा फोन घेतला आणि मी दीड वर्ष कपाटाच्या खणात राहिलो. तिथून तृप्तीने मला काढले. “आमच्याकडचे तिन्ही फोन नवे आहेत, बाबा. एक जुना पाहिजे,” एवढेच ती म्हणाली.

कोणतेही अ‍ॅप लोकांकडे जाण्याआधी वेगवेगळ्या फोनांवर चालवून पाहतात. आमच्या यादीत चार फोन होते आणि चौथा मी. माझी मेमरी थोडी, काच तडकलेली, नेट कधी असते, कधी नसते. निरंजन मला डब्बा म्हणतो. पण किराणा दुकानाचे एक अ‍ॅप उघडायला एकोणीस सेकंद घेते, हे बाकीच्या तिघांना कळले नव्हते. ते मी दाखवले. त्यातली जड चित्रे काढल्यावर ते चार सेकंदांत उघडू लागले. तेव्हा निरंजननेच माझी काच आपल्या रुमालाने पुसली होती.

आता ज्या अ‍ॅपवरून हे सगळे घडले, त्याबद्दल सांगतो. त्याचे नाव ‘टोळी’. बुऱ्हाणपूरजवळच्या फोपनार गावाकडे केळीची कापणी झाली की घडाच्या फण्या सुट्या करून, धुऊन क्रेटमध्ये भरायला टोळ्या लागतात. शेतकरी उद्याचे काम अ‍ॅपवर टाकतो. टोळीच्या प्रमुखाच्या फोनवर घंटी वाजते. पाच मिनिटांत होकार दिला तर काम त्या टोळीचे, नाहीतर घंटी पुढच्या टोळीकडे जाते. या घंट्या सकाळी दहा ते बाराच्या दरम्यान वाजतात, म्हणजे नेमके सगळ्या टोळ्या शेतात असतात तेव्हा.

पहिली आवृत्ती तृप्तीने शेतात बसून बनवली होती. मी तिच्या पिशवीत होतो. आशाबाई नावाच्या बाई आठ बायकांची टोळी चालवतात आणि स्वतःही विळा घेऊन बसतात. तृप्तीने त्यांच्या हातात मला दिले. त्यांनी बोट लावले नाही. मूठ वळली आणि मधल्या बोटाच्या पेराने माझ्या पडद्यावर टकटक केली, दारावर करतात तशी.

“असं काय करता, मावशी?”

“बोटाले चीक लागेल राहतो, बाई. बोट चिकटते, चालत नाही. पेर कोरडं राहते. आमच्या साऱ्या बाया असाच फोन उचलतात.”

त्या दिवशी तृप्तीने वहीत एक मोठे हिरवे बटण काढले. पडद्याच्या अर्ध्या भागात फक्त ते बटण आणि त्यावर एक शब्द: ‘येतो’. पेराने टकटक केली की काम पक्के. दोन हंगाम ते बटण चालले.

मग इंदूरची एक कंपनी आली. तिला ‘टोळी’ तीन जिल्ह्यांत न्यायचे होते. तिने नवे रूप मागितले. मित्रांनो, सध्या अ‍ॅपमधली बटणे कमी होत चालली आहेत. आता बोट सरकवायचे, पडदा ओढायचा. रंग गडद झाले आहेत, चित्रे हलतात, प्रत्येक अ‍ॅपमध्ये एक बोलणारा मदतनीस बसवलेला असतो. मी यातल्या कशाच्याही विरुद्ध नाही. ज्याला वाचता येत नाही त्याला बोलणारा मदतनीस उपयोगाचा आहे. माझे म्हणणे एकच होते आणि आहे: जे काही कराल, ते आधी माझ्यावर चालवा.

निरंजनने हिरवे बटण काढले आणि पट्टी आणली. पट्टीवरचे केळे डावीकडून उजवीकडे ओढत न्यायचे, मग होकार. त्याचे कारणही खोटे नव्हते. कमरेच्या पिशवीत फोन असताना बटण चुकून दाबले जाई आणि शेतकरी टोळीची वाट पाहत बसे. अशा अकरा तक्रारी आल्या होत्या.

तृप्तीने बाजारातून कापलेल्या घडाचा ओला दांडा आणला. त्याचा चीक बोटांना लावून तिने चारही फोनांवर पट्टी ओढली. तीन नव्या फोनांवर दहापैकी नऊ-दहा वेळा जमले. माझ्यावर दहापैकी तीनदा. बोट मध्येच चिकटे, माझ्यातले हलते चित्र अडखळे आणि केळे परत डावीकडे जाई. अशा चार चाचण्या झाल्या. चारही वेळा मी तेच उत्तर दिले.

“अरे यार तृप्ती, हा डब्बा लिस्टमधून काढ ना. इंदूरमध्ये असा फोन कोणाच्याच हातात नाही.”

“फोपनारमध्ये आहे.”

“लोक बदलतात फोन. किती दिवस याच्यासाठी थांबायचं?”

त्याने माझे नाव खोडले आणि अहवालात चारपैकी नापास एक, याऐवजी तीनपैकी तीन पास, असे आले. नापास कोण झाले होते ते तुम्हीच ठरवा. दुपारी दोन वाजता नवी आवृत्ती फोपनार भागातल्या तीनशे फोनांवर गेली. जुनी आपोआप पुसली गेली.

पुढचे दोन दिवस मी खोक्यात होतो. खोके टेबलाखाली असल्यामुळे मला ऐकू येत होते. गुरुवारी दुपारी एक वाजता जिन्यावर जड पावले वाजली. आशाबाई होत्या.

“बाई, माहं बटन कोठे गेलं?”

तृप्ती उठली. “काय झालं, मावशी?”

“काय व्हायचं? आजचं काम आधीचं ठरेल होतं. उद्यासाठी आज दोनदा घंटी वाजली. केळं ओढून ओढून माहा अंगठा दुखला. मधात जाऊन वापस येते ते. दोन्ही कामं गेले कौतिकच्या टोळीले. उद्या माह्या आठ बाया घरी बसतील.”

“कौतिकभाऊंना कसं जमलं मग?” निरंजनने विचारले.

“त्याले का नाही जमणार? तो बांधावर उभा राहतो, पान खातो. विळ्याले हात लावते का कधी? ज्याचे हात कोरडे, त्याले काम. हेच बनवलं का तुम्ही दोघांनी?”

खाली शिलाईचे मशीन चालू होते.

“मावशी, हात धुऊन घेतले तर?” निरंजन म्हणाला.

“तू कधी चीक धुतला का रे? पाण्याने अजून चिकटते. तेल चोळा लागते. पाच मिन्टात तेल कुठून आणू, तुह्या घरून?” त्यांनी आपला फोन टेबलावर ठेवला आणि खाली पाहिले. “हा खोक्यात कोन पडेल आहे? माह्या फोनचा भाऊ दिसते.”

त्यांचे म्हणणे बरोबर होते. तो माझ्याच बनावटीचा आणि माझ्याच वर्षाचा निघाला. तृप्तीने मला बाहेर काढून चार्जरला लावले. निरंजनने मला हातात घेतले नाही, पण मला परत टाकायला खोकेही पुढे सरकवले नाही.

त्या दुपारी तृप्तीने एक नवीन पडदा बनवला. हिरवे बटण परत आले, पण आता ते दोनदा दाबायचे. पहिल्या टकटकीला ते पिवळे होते, दुसरीला काम पक्के. पिशवीत चुकून एकदा दाबले गेले तर काही होत नाही. माझ्यावर दहापैकी दहा वेळा जमले. निरंजन मला स्वतःच्या खिशात घालून जिना चारदा चढला-उतरला. चुकून होकार एकदाही गेला नाही. “ठीक आहे,” तो म्हणाला. “पण इंदूरवाले मानणार नाहीत. त्यांना पट्टीच पाहिजे. आणि जुने फोन ठेवायचे तर त्यांनी मागितलेला बोलणारा मदतनीस काढावा लागेल, तो यांच्या मेमरीत मावत नाही. उद्या ते येणार आहेत, तेव्हा तूच बोल.”

अशा आत्मवृत्तांच्या शेवटी आम्ही वस्तू हात जोडून म्हणतो, आम्हाला जपा, आम्हाला फेकू नका. मी तसे म्हणणार नाही. माझी काच बदलू नका, मला मखरात ठेवू नका. फक्त मला यादीत ठेवा. मी हळू आहे, म्हणून चूक लवकर दाखवतो. माझ्यावर जे चालते ते सगळ्यांवर चालते. मी नको असेन तर तसे तोंडावर सांगा, पण मला वगळून पास झालो असे लिहू नका.

आज शुक्रवार. चार वाजता कंपनीचे श्रीकांत सर आले. आशाबाई दाराजवळच्या स्टुलावर बसल्या आहेत. उद्याचे काम त्यांच्याकडे नाही. श्रीकांत सरांचे म्हणणे, पट्टीच राहील आणि माझ्या वयाच्या फोनांवर ‘टोळी’ पुढच्या महिन्यापासून बंद होईल. कागद तयार आहे, तृप्तीची सही बाकी आहे. तृप्तीने पेन खाली ठेवले. मला त्यांच्यासमोर ठेवले आणि शेजारी केळीचा ओला दांडा.

“सर, आधी याच्यावर तुम्ही स्वतः होकार देऊन दाखवा. मग सही करते.”

“बाही वर करा, साहेब,” आशाबाई म्हणाल्या. “कपड्यावरचा डाग जात नाही.”

चार वाजून सतरा मिनिटे झाली आहेत. श्रीकांत सरांनी उजवी बाही दोन घड्या वर केली आहे. अंगठ्याला चीक लागला आहे. केळे पट्टीच्या मध्यावर आहे. माझी बॅटरी एकसष्ट टक्के.